टीकॅस, फ्लार्म, एडीएस-बी: यातलं भारी कोणतं, आणि टीकॅस असूनही धडक का होते?

तुमचा प्रश्न असा आहे की तुम्ही नुकतं ग्लायडिंग, म्हणजे इंजिनशिवायचं विमान उडवायला शिकायला लागलात, हवेत दुसरं विमान जवळ आलं की कळवणाऱ्या सिस्टीमपैकी क्लबात सगळे फ्लार्मचं कौतुक करतात, एअरलाइनमधले मित्र टीकॅस टीकॅस करतात, तिसराच कोणी सांगतो की आता एडीएस-बी आलंय, बाकीचं सगळं जुनं झालं, तर यातलं सगळ्यात भारी कोणतं? आणि टीकॅस एवढं हुशार असेल तर जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनला प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर धडकलंच कसं?

मी एव्हिऑनिक्सवाली आहे, म्हणजे विमानातले हे बॉक्स बसवणं, तपासणं, बिघडले की दोष शोधणं हे माझं रोजचं काम, आणि अधूनमधून वैमानिकांना वर्गात हीच सिस्टीम शिकवतेही, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधीच सांगते, "हे घ्या आणि निर्धास्त व्हा" असं उत्तर नाहीये. तुम्ही काय उडवता, किती उंचीवर, कुठल्या एअरस्पेसमध्ये, आणि मुख्य म्हणजे आजूबाजूला उडणाऱ्यांकडे काय बसवलेलं आहे यावर सगळं ठरतं. कारण लोकांचा एक गैरसमज असतो की हे बॉक्स बाहेर "बघतात". नाही बघत. यातला एकही बॉक्स समोरचं विमान स्वतःहून शोधून काढत नाही, समोरचा स्वतःबद्दल काहीतरी रेडिओवर सांगत असेल तरच याला तो कळतो. समोरचा गप्प असेल तर याच्या लेखी तिथे रिकामं आकाश आहे. म्हणून "भारी कोणतं" हे विचारण्याआधी प्रत्येक बॉक्सबद्दल हे विचारायचं की याला समोरच्याचा पत्ता कसा लागतो, लागल्यावर हा नुसती खबर देतो की काय करायचं तेही सांगतो, आणि समोरच्या विमानातल्या बॉक्सशी याचं काही ठरतं का. सगळे फरक यातच आहेत.

एक नाव आधी बाजूला काढते, कारण लोक तेही यातच घुसडतात. जीपीडब्ल्यूएस, तोच तो "टेरेन टेरेन, पुल अप" ओरडणारा, त्याचा दुसऱ्या विमानाशी काही संबंध नाही, तो जमिनीपासून वाचवतो. एवढंच लक्षात ठेवा की दोन्ही एकदम बोलायला लागले तर जीपीडब्ल्यूएसचा मान पहिला, त्या वेळी टीकॅस आपला हुकूम मागे घेतं आणि नुसती ट्रॅफिकची खबर देत राहतं. डोंगर बाजूला सरकत नाही, दुसरं विमान निदान सरकू तरी शकतं.

आता टीकॅस. याचा पाया आहे ट्रान्सपॉन्डर, जो मुळात जमिनीवरच्या रडारला उत्तर द्यायला बसवलेला असतो. रडार १०३० मेगाहर्ट्झवर विचारतं, ट्रान्सपॉन्डर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. टीकॅस तेच काम हवेतल्या हवेत करतं, म्हणजे जणू प्रत्येक विमानात एक छोटं प्रश्न विचारणारं रडार. मोड एस नावाचा नवा ट्रान्सपॉन्डर असलेलं विमान साधारण दर सेकंदाला आपला २४ बिटचा पत्ता, म्हणजे त्या विमानाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आपणहून बोलत असतं, टीकॅस तो ऐकतं आणि मग त्या पत्त्यावर नेमकं त्याच विमानाला विचारतं की तू किती उंचीवर आहेस. अंतर कसं कळतं? समोरचा ट्रान्सपॉन्डर प्रश्न मिळाल्यावर बरोबर १२८ मायक्रोसेकंद थांबून उत्तर देतो, ते वजा केले की उरलेला वेळ म्हणजे लहरींचा जायचा यायचा वेळ, एका नॉटिकल मैलाला जाऊन येऊन साधारण १२ मायक्रोसेकंद. बस, भागाकार. यात जीपीएस कुठेही नाही हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

उंची तर समोरचा स्वतःच सांगतो, जुना मोड सी असेल तर १०० फुटांच्या टप्प्यात, मोड एस असेल तर बहुतेक २५ फुटांच्या. म्हणजे अंतर चांगलं, उंची चांगली. दिशा मात्र कच्ची. विमानाच्या पाठीवर एक चपटा डायरेक्शनल अँटेना असतो, त्यावरून समोरचा साधारण कुठल्या बाजूला आहे ते कळतं, पण त्यात चांगली काही अंशांची चूक असू शकते, आणि बाजूला बॉडीचा एखादा भाग किंवा दुसरा अँटेना असला की अजून. वर्गात हमखास विचारतात की टीकॅस "उजवीकडे वळा" का सांगत नाही, त्याचं उत्तर हेच आहे. ज्या माहितीवर भरवसा आहे तिच्यावरच हुकूम द्यायचा, म्हणून हुकूम फक्त वर किंवा खाली. आणि म्हणूनच स्क्रीनवर ट्रॅफिक डावीकडे दिसतंय म्हणून स्वतःच्या मनाने उजवीकडे वळायचं नाही, हे वैमानिकांना घोटून सांगावं लागतं.

पुढचा मुद्दा मला सगळ्यात आवडतो. टीकॅस मैल मोजून घाबरत नाही, सेकंद मोजून घाबरतं. समोरासमोर येणारी दोन जेट विमानं प्रत्येकी ४५० नॉटने आली तर एकमेकांकडे ९०० नॉटने येतायत, म्हणजे मिनिटाला १५ नॉटिकल मैल. तिथे ३५ सेकंद म्हणजे पावणेनऊ मैल. तेच मागून हळूहळू गाठणारं विमान २० नॉटने जवळ येत असेल तर ३५ सेकंद म्हणजे जेमतेम ३६० मीटर. म्हणून अंतर भागिले जवळ येण्याचा वेग, याला टाऊ म्हणतात, त्यावर इशारा ठरतो. १९५० च्या दशकात जॉन मॉरेल नावाच्या माणसाने ही कल्पना मांडली आणि अजूनही सगळं त्याच खुंटीवर टांगलेलं आहे. पण हळू गाठणाऱ्या विमानाच्या बाबतीत नुसत्या टाऊवर विसंबलं तर इशारा फार उशिरा येईल, म्हणून त्याला एक कमीतकमी अंतराचं कुंपणही घातलंय, २०,००० फुटांच्या वर ते १.१ नॉटिकल मैल आहे, त्याच्या आत आलं आणि उंचीतलं अंतरही कमी असलं की वेग कितीही कमी असो, इशारा येणार.

इशारे दोन. पहिला टीए, "ट्रॅफिक, ट्रॅफिक", स्क्रीनवर पिवळा गोल, याचा अर्थ मान वर करा, शोधा, हात तयार ठेवा, पण काही करू नका. दुसरा आरए, लाल चौकोन आणि हुकूम, "क्लाइंब, क्लाइंब" किंवा "डिसेंड, डिसेंड" किंवा "लेव्हल ऑफ", आणि व्हर्टिकल स्पीडच्या डायलवर लाल पट्टा आणि हिरवा पट्टा, लालमधून बाहेर पडा आणि हिरव्यात जा. जास्त उंचीवर टीए ४८ सेकंद आधी आणि आरए ३५ सेकंद आधी, जसजसं खाली याल तसतसं हे आकडे कमी होतात, १,००० ते २,३५० फुटांमध्ये २५ आणि १५ सेकंदच उरतात, कारण विमानतळाजवळ विमानं मुळातच जवळजवळ उडतात, तिथे वरचे आकडे ठेवले तर दिवसभर बोंबच चालू राहील.

आता तुमच्या वॉशिंग्टनच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. जमिनीपासून साधारण १,००० फुटांच्या खाली टीकॅस आरए देतच नाही, मुद्दाम बंद केलेलं आहे, रेडिओ अल्टिमीटरवरून त्याला उंची कळते आणि तो गप्प बसतो. का? तर उतरत्या विमानाला "डिसेंड" सांगून जमिनीत घालायचं नाही, आणि लँडिंगच्या ऐन वेळी धावपट्टीजवळच्या कुठल्यातरी विमानामुळे वैमानिकाला दचकवायचं नाही. २९ जानेवारी २०२५ ला ते सीआरजे ७०० विमान पोटोमॅक नदीवरून उतरत होतं, धडक झाली ती साधारण ३०० फुटांवर. हेलिकॉप्टरचा ट्रान्सपॉन्डर बोलत होता म्हणून विमानात "ट्रॅफिक, ट्रॅफिक" आलं, धडकेच्या जवळपास २० सेकंद आधी. पण हुकूम येणं शक्यच नव्हतं. आणि टीएवर फक्त बघायचं असतं, रात्रीच्या वेळी, खाली शहराचे दिवे, वळण घेत धावपट्टीकडे जाताना. ६७ माणसं गेली. म्हणजे टीकॅस बिघडलं नव्हतं, ते जसं बनवलंय तसंच वागलं, ज्या उंचीवर ते मदत करत नाही नेमक्या त्याच उंचीवर तो प्रसंग आला. त्या उंचीवर वाचवणारी गोष्ट म्हणजे मार्ग वेगळे ठेवणं आणि जमिनीवरून सूचना देणारा कंट्रोलर, बॉक्स नव्हे.

टीकॅसचे प्रकारही दोन आहेत. टीकॅस १ फक्त टीए देतं, म्हणजे खबर दिली, पुढचं तुमचं तुम्ही बघा. छोट्या कम्युटर विमानांत हे असायचं. टीकॅस २ टीए आणि आरए दोन्ही देतं, मोठ्या विमानांत हेच. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे २००३ पासून १५,००० किलोच्या वरच्या किंवा ३० पेक्षा जास्त प्रवासी नेणाऱ्या टर्बाइन विमानांना आणि २००५ पासून ५,७०० किलो किंवा १९ प्रवाशांच्या वरच्यांना हे लागतंच. अमेरिकेने त्याच्या बऱ्याच आधी कायदा केला होता, १९८६ ला कॅलिफोर्नियातल्या सेरिटोसवर डीसी-९ आणि छोटं पायपर धडकल्यानंतर. आणि १९९६ ला चरखी दादरीवर दोन मोठी विमानं धडकून ३४९ लोक गेले तेव्हा दोन्हींपैकी एकातही टीकॅस नव्हतं, हवेतल्या धडकेत यापेक्षा जास्त माणसं आजवर कधी गेलेली नाहीत. या क्षेत्रातला जवळजवळ प्रत्येक नियम असा कुठल्या ना कुठल्या अपघातानंतर आलेला आहे, वाईट वाटतं पण तसंच आहे.

टीकॅस २ ची खरी जादू म्हणजे दोन विमानांमधला करार. दोघांनाही आरए आला आणि दोघंही वर गेले तर काय उपयोग? म्हणून आरए द्यायच्या वेळी एक बॉक्स दुसऱ्याला मोड एसवरून कळवतो की मी वर चाललोय, तू वर येऊ नकोस, मग दुसरा आपोआप खालचा हुकूम निवडतो. दोघांनी एकाच क्षणी एकच दिशा निवडली तर? तर ज्याच्या पत्त्याचा आकडा लहान त्याचं खरं, मोठ्या आकड्यावाला आपली दिशा उलटी करतो. भांडण संपलं. म्हणूनच आम्ही ट्रान्सपॉन्डर बदलला की २४ बिटचा पत्ता परत परत तपासतो. दोन विमानांना चुकून एकच पत्ता पडला तर हे सगळं गणित कोलमडतं.

पण हा करार दोन बॉक्समधला आहे, त्यात कंट्रोलर नाही. कंट्रोलरला आरए आलाय हे वैमानिक रेडिओवर सांगेपर्यंत सहसा कळत नाही. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगनवर हेच झालं. टुपोलेव्ह १५४ आणि मालवाहू बोइंग ७५७, दोघं ३६,००० फुटांवर, एकमेकांना छेदणाऱ्या मार्गावर. कंट्रोलर एकटा दोन टेबलं सांभाळत होता, त्याच वेळी फोनची लाइन आणि धोक्याची सूचना देणारी त्याची सिस्टीम देखभालीमुळे धड चालत नव्हती. त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने टुपोलेव्हला खाली जायला सांगितलं. सात सेकंदांनी टुपोलेव्हच्या टीकॅसने सांगितलं वर जा, आणि ७५७ च्या टीकॅसने सांगितलं खाली जा. ७५७ ने टीकॅसचं ऐकलं, टुपोलेव्हने कंट्रोलरचं ऐकलं, दोघंही खाली गेले. ७१ जण गेले, त्यात बरीच मुलं होती. त्याच्या दीड वर्ष आधी, ३१ जानेवारी २००१ ला, जपानमध्ये अगदी हाच प्रकार झाला होता, कंट्रोलरने दोन विमानांच्या फ्लाइट नंबरची अदलाबदल केली, एकाने टीकॅस सोडून कंट्रोलरचं ऐकलं, शेवटच्या क्षणी डोळ्यांनी बघून चुकवलं, साधारण शंभर जण जखमी झाले, पण सगळे जगले.

त्यानंतर नियमात कुठलीही शंका ठेवली नाही. आरए आला की आरएच पाळायचा, कंट्रोलर काहीही म्हणो, आणि आरएच्या उलट दिशेला कधीही जायचं नाही. वैमानिक "टीकॅस आरए" एवढंच म्हणतो, कंट्रोलर "रॉजर" म्हणतो आणि त्या विमानाला नवीन सूचना देणं थांबवतो, "क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट" झालं की परत ठरलेल्या उंचीवर. टीकॅसच्या सॉफ्टवेअरमध्येही भोक होतं. एकाने उलटं केलं आणि दोघं एकमेकांच्या १०० फुटांच्या आत राहून एकाच दिशेने उतरत राहिले, तर आरए उलटा करायला हवा हे ७.० व्हर्जनला नीट उमगत नव्हतं. ७.१ मध्ये ते दुरुस्त केलं, आणि "अ‍ॅडजस्ट व्हर्टिकल स्पीड" हा जो आवाज होता तो काढून सरळ "लेव्हल ऑफ" केला, कारण अ‍ॅडजस्ट म्हणजे नक्की कुठे हे न कळून काही वैमानिक उलट दिशेला जात होते. युरोपात डिसेंबर २०१५ पासून ७.१ शिवाय चालत नाही.

सगळे आरए म्हणजे वाचलो रे बाबा असं नसतं हेही सांगते, कारण प्रवासी फार घाबरतात. समजा तुमचं विमान मिनिटाला ३,००० फुटांनी वर चाललंय आणि ऑटोपायलट ते ठरलेल्या उंचीवर अगदी नीट थांबवणार आहे, बरोबर १,००० फूट वर दुसरं विमान सरळ चाललंय. सगळं नियमात आहे. पण टीकॅसला ऑटोपायलटचा बेत माहीत नसतो, त्याला फक्त आत्ताचा वेग दिसतो आणि त्या हिशोबाने हे विमान २० सेकंदांत वरच्याला भिडणार, मग तो ओरडणारच. म्हणून शेवटच्या १,००० फुटांत वर जायचा किंवा उतरायचा वेग मिनिटाला १,५०० फुटांच्या खाली आणा असं सांगितलं जातं. आणि आरए पाळायला काही कसरत लागत नाही, पाव जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पावपट एवढाच खेच अपेक्षित असतो, पाच सेकंदांच्या आत. सिम्युलेटरमध्ये नवखे वैमानिक दांडा असा खेचतात की मागे ट्रॉली छताला लागावी, खरं म्हणजे बहुतेक वेळा काही शे फुटांचाच फरक पुरतो. एअरबसने ए३८० पासून ऑटोपायलटलाच आरए पाळायला शिकवलंय, मला हे बरं वाटतं, कारण त्या क्षणी माणूस एकतर उशीर करतो नाहीतर अती करतो.

आमच्या बाजूनेही एक गोष्ट, जी बाहेर फारशी माहीत नसते. ट्रान्सपॉन्डरची जमिनीवर टेस्ट करताना आम्ही पिटोट-स्टॅटिकच्या, म्हणजे हवेचा दाब मोजणाऱ्या नळ्यांच्या टेस्ट सेटने विमानाला खोटी उंची भरवतो, म्हणजे विमान हँगरसमोर उभं आणि अल्टिमीटर दाखवतोय ८,००० फूट. आता ट्रान्सपॉन्डर हवेत तेच बोलणार. वरून कोणी ८,००० फुटांच्या आसपास जात असेल तर त्याच्या टीकॅसला वाटणार खाली नाही, अगदी शेजारी एक विमान आहे, आणि तो बिचारा आरए पाळत वर उचलणार. म्हणून टेस्टच्या आधी अँटेनावर सिग्नल शोषून घेणारी टोपी चढवायची आणि केबलनेच टेस्ट सेट जोडायचा. मी नवीन पोरांना ती टोपी हातात देऊनच पहिला धडा सुरू करते, कारण तोपर्यंत त्यांना वाटत असतं की जमिनीवर उभं असलेलं विमान कोणाला काय त्रास देणार.

दुसरी गोष्ट, ट्रान्सपॉन्डर बंद तर टीकॅस बंद. स्वतःचाही बंद आणि दुसऱ्यालाही तुम्ही दिसत नाही, दोन्हीकडून अंधार. २९ सप्टेंबर २००६ ला ब्राझीलमध्ये अ‍ॅमेझॉनच्या जंगलावर ३७,००० फुटांवर एक बोइंग ७३७ आणि लेगसी नावाचं एक छोटं जेट समोरासमोर आले. लेगसीचा ट्रान्सपॉन्डर त्या वेळी काही बोलत नव्हता. दोन्ही विमानांत टीकॅस होतं, आणि दोन्हींपैकी एकातही चकार शब्द आला नाही. ७३७ मधले १५४ जण गेले, लेगसी पंखाचं टोक गमावून उतरलं. कॉकपिटमध्ये "टीकॅस ऑफ" असं एक बारीक अक्षर स्क्रीनवर असतं, पण धोक्याचा भोंगा जसा वाजतो तसं ते काही वाजत नाही. तेव्हापासून मला त्या अक्षराचा रंग आणि आकार हा फार गंभीर विषय वाटतो, लोक हसतात.

आता एडीएस-बी. हे धडक टाळणारं यंत्रच नाही मुळात, ही एक बोलायची पद्धत आहे. विमान जीपीएसवरून आपली जागा काढतं आणि सेकंदाला साधारण दोनदा, कोणी विचारलेलं नसताना, १०९० मेगाहर्ट्झवर सांगत सुटतं, मी इथे, इतक्या वेगाने, या दिशेला. मोबाइलवर विमानं दाखवणारी अ‍ॅप्स हेच ऐकतात. पाठवणं वेगळं आणि ऐकणं वेगळं, बऱ्याच विमानांत फक्त पाठवणारं असतं, आत वैमानिकाला काहीच दिसत नाही. दिशा आणि जागा टीकॅसपेक्षा कितीतरी नेमकी, हे खरंय. पण सगळी भिस्त समोरच्याच्या जीपीएसवर, तो चुकला किंवा कोणी जॅम केला तर तुम्हाला तो भलतीकडेच दिसणार. म्हणून नवीन टीकॅस एडीएस-बी ऐकतं तर खरं, लांबच्या विमानांना त्याच्यावरच ट्रॅक करतं म्हणजे उगीच प्रश्न विचारून फ्रीक्वेन्सीवर गर्दी करायची नाही, पण त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. आधी एकदा स्वतः विचारून अंतर जुळतंय का बघतं, मधेमधे परत बघतं, आणि विमान खरंच जवळ यायला लागलं की पुन्हा स्वतःच्या प्रश्नोत्तरावर येतं. मगाशी म्हटलं ना, जीपीएस कुठेही नाही हे लक्षात ठेवा, ते यासाठी. त्यामुळे "एडीएस-बी आलं, टीकॅस जुनं झालं" हे त्या तिसऱ्या मित्राचं वाक्य मला पटत नाही.

तुमचा फ्लार्म. हे २००४ ला स्वित्झर्लंडमध्ये ग्लायडरवाल्यांनी ग्लायडरवाल्यांसाठी बनवलं, आणि ते त्याच कामाला भारी आहे. विचार करा, एका थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, सहा ग्लायडर एकाच दिशेने गोल फिरतायत, अंतर शंभर दोनशे मीटर. तिथे टीकॅस ठेवलं तर त्याचा अंतर भागिले वेग हा हिशोब पार वेडा होईल, सतत आरए, कारण तो प्रत्येकाला सरळ रेषेत जाणारं समजतो. फ्लार्म काय करतं, जीपीएस आणि दाबाच्या सेन्सरवरून स्वतःची जागा काढतं, पुढच्या काही सेकंदांत मी कुठे असेन याचा वक्र मार्ग काढतं, गोल फिरतोय तर गोलच, आणि तो अंदाज दर सेकंदाला रेडिओवर पाठवतं, युरोपात ८६८ मेगाहर्ट्झच्या आसपास. दुसऱ्याचा अंदाज आपल्या अंदाजाशी ताडून बघतं आणि खरंच भिडणार असतील तरच पिप पिप. हुकूम देत नाही, कुठल्या बाजूला बघा एवढंच सांगतं, वळायचं कसं ते तुम्ही ठरवायचं. बॅटरी कमी खातं, म्हणून ग्लायडरला परवडतं. मर्यादा अशी की साधं फ्लार्म फक्त फ्लार्मलाच ओळखतं. वरून येणाऱ्या एअरबसच्या टीकॅसला तुमचं फ्लार्म अजिबात ऐकू येत नाही, आणि तुम्हाला एअरबस. पॉवरफ्लार्म नावाचं पुढचं मॉडेल एडीएस-बी आणि ट्रान्सपॉन्डरही ऐकतं, पण जुना ट्रान्सपॉन्डर असेल तर फक्त सिग्नलच्या जोरावरून अंदाज, जवळपास कोणीतरी आहे एवढंच, कुठे आहे ते नाही. खिशात मावणारे जे पीकॅस नावाचे बॉक्स मिळायचे ते एवढंच करायचे.

पुढे काय येतंय तेही थोडक्यात सांगते. टीकॅस २ च्या जागी एसीएएस एक्स येतंय. आवाज तेच, स्क्रीन तीच, आतला मेंदू बदललाय. जुन्यात माणसांनी लिहिलेले नियम आहेत, असं असेल तर हे कर, आणि तसं नसेल तर ते. नव्यात हजारो शक्यतांची किंमत आधीच काढून एक मोठा तक्ता बनवून ठेवलाय, धडकेची किंमत प्रचंड, उगीच ओरडण्याची थोडी, हुकूम उलटा करण्याची थोडी, आणि उड्डाणात बॉक्स त्या तक्त्यात बघून सगळ्यात स्वस्त पर्याय निवडतो. फायदा असा की उगीचचे आरए कमी होतात. मोठ्या विमानांसाठी एक्सए, जवळजवळच्या समांतर धावपट्ट्यांवर उतरण्यासारख्या खास कामांसाठी एक्सओ, मोठ्या ड्रोनसाठी एक्सयू, जे आडवंही वळायला सांगू शकतं कारण त्याच्याकडे दिशेची चांगली माहिती असते, आणि हेलिकॉप्टरसाठी एक्सआर. ड्रोन हा पुढचा खरा डोकेदुखीचा विषय आहे, कारण दहा किलोच्या ड्रोनवर कोणी ट्रान्सपॉन्डर बसवत नाही, आणि बसवला तरी हजारो ड्रोन १०९० वर बोलायला लागले तर कोणाचंच कोणाला ऐकू येणार नाही.

मग तुम्ही काय घ्यावं. क्लबात आणि आजूबाजूच्या ग्लायडरमध्ये सगळ्यांकडे फ्लार्म असेल तर फ्लार्म घ्या, दुसरा विचारच नको, एकट्याने वेगळं काही घेऊन उपयोग नाही. तुमच्या उड्डाणाच्या पट्ट्यात एअरलाइनची विमानं चढतात उतरतात अशी परिस्थिती असेल तर त्याच्या जोडीला मोड एस ट्रान्सपॉन्डरचा खर्च करा, बॅटरीचा हिशोब करून, कारण त्यांच्या टीकॅसला दिसायचं तर ट्रान्सपॉन्डर हाच एक रस्ता आहे. उड्डाणाचं शिक्षण चालू असताना स्क्रीनकडे बघत बसू नका, फ्लार्म वाजला की मान वळवा, तो नाही वाजला तरी मान वळवा. आणि एक अगदी साधं, ज्याकडे सगळे दुर्लक्ष करतात, अँटेना. कार्बन फायबरची बॉडी रेडिओ सिग्नल अडवते, डॅशबोर्डच्या आत कोपऱ्यात अँटेना चिकटवला की समोर दोन किलोमीटर दिसतं आणि मागे काहीच नाही, आणि मालकाला वर्षभर पत्ता नसतो. फर्मवेअर दरवर्षी अपडेट करा, आणि उड्डाणाची फाइल टाकून कुठल्या दिशेला किती लांबचं पकडलं जातंय ते काढून देणारं जे रेंजचं टूल फ्लार्मवाल्यांनी ठेवलंय ते एकदा चालवून बघा. मागच्या बाजूला रेंज तोकडी दिसली तर तुमच्या ग्लायडरचं मॉडेल आणि अँटेना कुठे बसवलाय ते लिहा, दुसरा अँटेना कुठे लावता येईल ते सांगते.